दोन वर्षांपूर्वीचा पगार

पत्र मोठं होतं, थोडं कापून देते:

"ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. ह्यांची नोकरी २७ फेब्रुवारीला गेली. सोळा वर्षं एकाच कंपनीत होते. बारा आठवड्यांचा सेव्हरन्स (काढताना कंपनी देते तो पगार) मिळाला, तो संपला. अनएम्प्लॉयमेंटचे (बेकारी भत्त्याचे) आठवड्याला ८५० डॉलर येतात. मी डे-केअरमध्ये आहे, वर्षाला ३१ हजार. मुलगी बॉस्टनच्या एका खासगी युनिव्हर्सिटीत शिकते, सप्टेंबरात तिसऱ्या वर्षाला जाईल. मुलगा दहावीत आहे. गेल्या आठवड्यात एडचं (कॉलेजच्या आर्थिक मदतीचं) पत्र आलं. आमच्या वाट्याला भरायचे ४७ हजार डॉलर! जणू घरात काही घडलंच नाही. मी म्हटलं अपील करू. हे म्हणाले, आपण आजवर कुणापुढे हात पसरलेले नाहीत. ४०१-के (निवृत्तीच्या खात्या) मधून ४० हजार काढतो, नाहीतर कोथरूडचा फ्लॅट विकतो. लेक म्हणते मी एक वर्ष ब्रेक घेते. सासूबाई साताऱ्याला असतात, त्यांना दरमहा ४०० डॉलर पाठवतो, ते बंद करायचा विषय तर मी काढूच शकत नाही. ह्यांना पटेल असं काही सांगा. ह्यांचा फक्त एक्सेलवर विश्वास आहे."

ताई, नमस्कार तुम्हालाही.

"जणू घरात काही घडलंच नाही" हे तुम्ही वैतागून लिहिलंत, पण ते अक्षरशः खरं आहे. त्या युनिव्हर्सिटीच्या लेखी तुमच्या घरात काहीच घडलेलं नाही. २०२६-२७ च्या वर्षासाठीचा फाफ्सा (एडसाठीचा सरकारी अर्ज) भरताना २०२४ च्या टॅक्स रिटर्नचे आकडे जातात. २०२४ मध्ये यजमानांचा पगार १,४२,००० आणि तुमचे ३१,०००, म्हणजे १,७३,००० च्या घराला जे पत्र यायला हवं तेच तुम्हाला आलंय. नोकरी गेली हे सांगायला फाफ्सात रकानाच नाही. खासगी युनिव्हर्सिटी असल्यामुळे तुम्ही सीएसएस प्रोफाइलही (खासगी कॉलेजं मागतात तो एडचा दुसरा अर्ज) भरलं असेल. त्यात विशेष परिस्थिती लिहायची जागा असते, पण तुम्ही ते भरलंत तेव्हा नोकरी शाबूत होती.

तेव्हा यजमानांना पहिलं हे सांगा, की इथे कुणी कुणापुढे हात पसरत नाहीये. पलीकडच्या माणसाच्या हातात जुना फोटो आहे, आपण नवीन देतोय. हे मी समजूत घालायला म्हणत नाही. मी स्वतः न्यू जर्सीतल्या एका सरकारी कॉलेजच्या एड ऑफिसात अकरा वर्षं काढली आहेत. १९६५ च्या हायर एज्युकेशन ॲक्टमधल्या ४७९-ए या कलमाने ऑफिसातल्या अधिकाऱ्याला कागद पाहून तुमच्या हिशोबातले आकडे बदलण्याची मुभा दिलेली आहे. ऑफिसच्या भाषेत त्याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. नोकरी जाणं, इन्शुरन्सने न दिलेला दवाखान्याचा खर्च, ही कारणं कायद्यातच उदाहरण म्हणून लिहिलेली आहेत. २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या सुधारणेनंतर तर "आम्ही अशी अपिलं घेतच नाही" असं सरसकट धोरण कुठल्याही कॉलेजला ठेवता येत नाही, आणि अशी विनंती करता येते हे वेबसाइटवर लिहिणंही बंधनकारक आहे. मात्र त्यांनी तुमच्या बाजूने निकाल दिलाच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. आणि फेडरल एडबाबत त्यांनी दिलेला निर्णय अंतिम. वरती वॉशिंग्टनला दाद मागायची सोय नाही. म्हणून पहिल्याच वेळी नीट मागायचं.

आता एक चूक, जी हुशार माणसंच करतात. फाफ्सात लॉगिन करून २०२४ चा पगार खोडून तिथे यंदाचा टाकू नका. २०२४ चा आकडा बरोबरच आहे, तो आयआरएसकडून, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याकडून, थेट आलेला आहे. तो बदलायचा अधिकार फक्त एड ऑफिसचा.

पत्र कसं लिहायचं ते सांगते. माझ्या टेबलावर आलेली दोन पत्रं मला अजून आठवतात. एक आपल्याच मराठी घरातलं, सहा पानी, टाइप केलेलं. वडील अमेरिकेत कसे आले, मुलाला लहानपणापासून गणिताची कशी आवड, आजोबा शाळामास्तर होते, कॉलेजबद्दल किती आदर आहे, सगळं होतं. नोकरी कोणत्या तारखेला गेली हे सहा पानांत कुठेही नव्हतं. मी फोन केला, तर अनोळखी नंबर म्हणून कुणी उचलला नाही. ईमेल केली, ती स्पॅममध्ये गेली. पाच आठवडे गेले. दुसरं पत्र वहीच्या रेघी कागदावर, अर्धं पान. वडिलांचं हॉटेलातलं काम अमुक तारखेला संपलं, महिन्याला २,९०० मिळायचे, आता शून्य, सोबत चार कागद. त्या चारही कागदांच्या कोपऱ्यात पेन्सिलने १ ते ४ आकडे घातलेले. त्याच दिवशी दुपारी त्यावर सही झाली. पहिल्या घराची अडचण कमी होती असं नाही, तिथल्या माणसाने तारीख सोडून बाकी सगळं लिहिलं होतं. आपल्याला पैशाचं बोलायची लाज वाटते, मग आपण त्याच्या भोवतीचं सगळं बोलतो.

तुमच्या लेकीचं पत्र एका पानाचं हवं आणि ते तिनेच, कॉलेजच्या ईमेलवरून, स्टुडंट आयडी घालून पाठवायला हवं. (तिने संमतीचा फॉर्म भरलेला नसेल तर ऑफिस तुमच्याशी फोनवर बोलायलाही नकार देईल. तो आधी भरून घ्या.) त्याआधी वेबसाइटवर त्यांचा स्वतःचा अपिलाचा फॉर्म आहे का ते बघा. बहुतेक ठिकाणी असतो, आणि फॉर्म न भरता नुसतं पत्र पाठवलं की ते बाजूला पडतं. पत्राचा गाभा साधारण असा असावा:

"माझ्या वडिलांची नोकरी २७ फेब्रुवारी २०२६ रोजी कंपनीच्या कपातीत गेली. २०२४ मध्ये त्यांचा पगार १,४२,००० डॉलर होता. २०२६ मध्ये त्यांना दोन महिन्यांचा पगार, बारा आठवड्यांचा सेव्हरन्स आणि बेकारी भत्ता एवढंच मिळेल. आईच्या उत्पन्नात बदल नाही. अपेक्षित उत्पन्नाचा तक्ता आणि कागद सोबत आहेत. माझ्या एडचा फेरविचार व्हावा ही विनंती. सध्याच्या पत्राप्रमाणे येणारे ४७,००० डॉलर आम्ही भरू शकत नाही. आम्ही साधारण इतके भरू शकतो."

शेवटच्या वाक्यात खरा आकडा घाला. "जमेल तेवढं द्या" असं वाचलं की समोरच्याला काय करावं कळत नाही. आणि अमक्याच्या मुलाला शेजारच्या युनिव्हर्सिटीने किती दिले ते लिहू नका. ते ॲडमिशनच्या वेळी कधीकधी चालून जातं, तिसऱ्या वर्षाला त्याचा काही उपयोग नाही.

सोबत लागणारे कागद म्हणजे कंपनीचं काढल्याचं पत्र, सेव्हरन्सचा करार, शेवटची पे-स्टब (पगाराची पावती), अनएम्प्लॉयमेंट मंजूर झाल्याचं पत्र, तुमच्या चालू पे-स्टब, २०२४ आणि २०२५ ची रिटर्न्स आणि डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला). अनएम्प्लॉयमेंटच्या कागदाची तारीख सांभाळा. निघाल्यापासून ९० दिवसांच्या आत दिलेला कागद ऑफिसने पुरावा म्हणून धरावा असं कायद्यात आहे. तुमचा मार्चमधला असेल तर त्याची मुदत टळली किंवा टळत आली, नवीन तारखेचा काढून घ्या.

आता यजमानांना बोलवा, एक्सेल उघडायला सांगा.

२०२६ हे कॅलेंडर वर्ष धरलं तर जानेवारी-फेब्रुवारीचा पगार साधारण २३,७००, सेव्हरन्स ३२,८००, अनएम्प्लॉयमेंट २६ आठवडे धरून २२,१००, तुमचे ३१,०००. बेरीज १,०९,६००. म्हणजे "आमचं उत्पन्न गेलं" असं पत्रात लिहिलंत, तर ऑफिसातला माणूस हीच बेरीज करणार आणि म्हणणार, लाखाच्या वर तर आहे की! पण हाच हिशोब १ जुलै २०२६ ते ३० जून २०२७, म्हणजे लेकीच्या शैक्षणिक वर्षाचा मांडा. सेव्हरन्स नाही, अनएम्प्लॉयमेंटचे उरलेले आठ-नऊ आठवडे आणि तुमचा पगार. ३९ हजारांच्या आसपास. एकच घर, एकच संकट, आणि आकडे असे दोन. काही ऑफिसं कॅलेंडर वर्ष धरतात, काही पुढचे बारा महिने. लेकीने पत्र पाठवायच्या आधी फोन करून फक्त एवढंच विचारायचं: तुम्ही उत्पन्न कोणत्या बारा महिन्यांचं धरता? त्यांनी कॅलेंडर वर्ष म्हटलं तरी दोन्ही तक्ते जोडा, दुसऱ्याला "माहितीसाठी" असं शीर्षक द्या. मधेच यजमानांना नोकरी लागली तर ऑफिसला कळवायचं, हेही त्याच तक्त्याखाली लिहून टाका. त्याने तुमचं वजन वाढतं.

आणि आता त्या ४०१-के बद्दल. ताई, ते ४० हजार यंदा काढू देऊ नका. यजमान ५१ वर्षांचे आहेत असं तुम्ही लिहिलंय. साडेएकोणसाठच्या आत काढले की टॅक्स अधिक १० टक्के दंड, हे त्यांना माहीत असेलच. माहीत नसेल ती गोष्ट वेगळी आहे. ४०१-के मध्ये पडून असलेला पैसा फाफ्सा मालमत्तेत धरतच नाही, पण तो बाहेर काढलात की तो त्या वर्षाचं उत्पन्न होतो. आता मुलाकडे बघा. तो आत्ता दहावीत आहे, म्हणजे २०२८ च्या सप्टेंबरात कॉलेजला जाणार. २०२८-२९ च्या फाफ्साला कोणतं वर्ष लागेल? २०२६. हेच, दुर्दैवाचं. यंदाचं कमी उत्पन्न दोन वर्षांनी मुलाच्या पहिल्या वर्षाला आपोआप, अपील न करता कामाला येणार आहे. त्यात आपण हाताने ४० हजार का भरायचे? हे एवढं त्यांना एका सेलमध्ये दाखवा. मला वाटतं अपिलापेक्षा हेच त्यांना आधी पटेल.

कोथरूडच्या फ्लॅटलाही तोच न्याय. यंदा विकलात तर नफा इथल्या रिटर्नमध्ये २०२६ चं उत्पन्न म्हणून दिसणार, तिकडच्या टॅक्सची भानगड वेगळी. विकायचाच असेल तर कोणत्या वर्षी विकायचा हे दोन्हीकडचं कळणाऱ्या सीपीएला (टॅक्सच्या हिशोबनिसाला) विचारून ठरवा, घाबरून ठरवू नका. पण फ्लॅटबद्दल मला दुसरंच विचारायचंय. तो फाफ्सात दाखवलाय ना? राहतं घर फाफ्सा धरत नाही, पण दुसरं घर धरतो, मग ते कोथरूडला असो नाहीतर फिलाडेल्फियाला. भारतातल्या एफडीही धरतो. "तिकडचं इकडे कशाला सांगायचं" हे वाक्य मी मराठी घरांत इतक्या वेळा ऐकलंय की आता मोजत नाही. फ्लॅटचं भाडं तुम्ही रिटर्नमध्ये दाखवत असाल, तर अपिलाबरोबर तेच रिटर्न ऑफिसच्या टेबलावर जाणार आहे. भाडं दिसतंय आणि घर दिसत नाही, असं झालं की फाइल थांबते, आणि मग तुमच्या बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने बघतात. राहून गेला असेल तर आधी ती दुरुस्ती, मग अपील. आणि लपवण्यासारखं त्यात काय आहे? आई-वडिलांच्या मालमत्तेतला जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग हिशोबात येतो. फ्लॅटची किंमत ९० हजार डॉलर धरली तर साधारण पाच हजार.

साताऱ्याचे ४०० डॉलर चालू ठेवा. हिशोबात मात्र त्यांचं फार काही होणार नाही, ते आत्ताच सांगून ठेवते. सासूबाई इथे राहत नाहीत, इथल्या टॅक्समध्ये त्यांना डिपेंडंट दाखवता येत नाही, त्यामुळे फाफ्साच्या लेखी त्या तुमच्या कुटुंबात नाहीत. वाईट वाटतं वाचायला, पण तसंच आहे. तरी पत्रात एक ओळ घाला आणि बँकेतून पाठवल्याच्या पावत्या जोडा. खासगी युनिव्हर्सिटी स्वतःच्या पैशातून देताना फेडरल चौकटीबाहेरचंही बघू शकते. त्यांच्या औषधपाण्याची मोठी बिलं तुम्ही भरली असतील तर तीही द्या. फार आशा मात्र ठेवू नका.

लेकीने ब्रेक घेऊ नये, निदान अपिलाचं उत्तर येईपर्यंत तरी नाही. अर्ध्या वेळाच्या खाली शिक्षण आलं की तिच्या फेडरल लोनची सहा महिन्यांची सवलत सुरू होते, ती संपली की हप्ते. आणि परत येताना कॉलेजची स्वतःची ग्रँट (परत न करायची मदत) तशीच मिळेल, हे गृहीत धरता येत नाही. ब्रेकचं बोलायचंच असेल तर ती ग्रँट परत मिळेल का, हे आधी लेखी विचारा. लेक हे सगळं घरासाठी म्हणतेय हे मला कळतं. तिला सांगा, आत्ता घराला तिची मदत हवी आहे ती एक पान नीट लिहिण्यात.

उत्तराला दोन-चार आठवडे लागतात, उन्हाळ्यात जास्त. काही ऑफिसं नोकरी जाऊन काही आठवडे झाल्याशिवाय फाइल उघडत नाहीत, तुमचं ते झालेलं आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला बिलाची तारीख येईल, तोवर निकाल नसेल तर बर्सरच्या (फी घेणाऱ्या) ऑफिसला अपील चालू असल्याचं कळवून हप्त्यांची सोय मागा. उत्तर आल्यावर रकमेआधी शब्द वाचा. वाढलेली मदत ग्रँट आहे की लोन? आठ हजारांची ग्रँट आणि आठ हजारांचं कर्ज पत्रात एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत छापलेलं असतं. तिसऱ्या वर्षाला लेकीच्या नावावर ७,५०० पर्यंत फेडरल लोन मिळतं, त्यातलं ५,५०० पर्यंत सबसिडाइज्ड होऊ शकतं, म्हणजे शिकत असताना व्याज सरकार भरतं. अपिलाने निदान हा फरक पडला तरी तो घ्या. पेरेंट प्लस लोनकडे (आई-वडिलांच्या नावावरच्या फेडरल कर्जाकडे) मात्र शेवटी वळा. २०२५-२६ मध्ये त्याचा दर ८.९४ टक्के होता, आणि १ जुलै २०२६ पासून नव्याने घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २० हजार, एकूण ६५ हजार अशी मर्यादा आहे. क्रेडिटमुळे ते नाकारलं गेलं तर लेकीला स्वतःच्या नावावर आणखी ५,००० मिळू शकतात, हे सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

मुलाबद्दल एक राहिलं. दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की पूर्वी फाफ्सा आई-वडिलांचा वाटा विभागायचा. २०२४-२५ पासून ते बंद झालं. तुमची दोघं एकाच वर्षी कॉलेजात नसतील, त्यामुळे तुम्हाला फरक नाही, पण तुमच्या मैत्रिणीने जुळ्यांचं विचारलं होतं ना, तिला सांगा.

आणि अपील लिहून देतो म्हणून कुणी ५०० डॉलर मागितले तर देऊ नका. ऑफिसला यासाठी फी घेता येत नाही, आणि बाहेरचा माणूस तुमच्याच तारखा तुम्हाला विचारून लिहिणार.

यजमानांशी रविवारी सकाळी बोला, संध्याकाळी नाही. लेऑफ झालेल्या माणसाला रविवारची संध्याकाळ जड जाते, आमच्या घरी २००९ मध्ये मी ते बघितलंय. "अपील" हा शब्द काढू नका. लॅपटॉप पुढे ठेवा आणि म्हणा, मला हे तीन रकाने भरून द्या: २०२४, कॅलेंडर २०२६, जुलै ते जून. ओळी पाच: तुमचा पगार, सेव्हरन्स, अनएम्प्लॉयमेंट, माझा पगार, कोथरूडचं भाडं. भाड्याचे आकडे मी वर धरलेले नाहीत, तुम्ही पत्रात लिहिले नव्हते. बेरीज त्यांना करू द्या.